विस्मरण आणि मीपण

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजतेनें उच्चारिली जाते, कीं तिच्यांत एक मोठा सिद्धांत दडलेला आहे याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वय वाढलें कीं बुद्धि निघून जाते. त्यांत नवल नाहीं, उपाय नाहीं, आणि विचारण्यासारखेंहि कांहीं नाहीं, असा तो सिद्धांत होय. म्हातारचळ, चळ लागणें, भ्रमिष्ट होणें हे शब्दप्रयोगहि त्याच कुळांतले. परंतु बुद्धि गेली म्हणजे नेमकें काय गेलें, आणि ज्याची गेली तो माणूस मागें उरला कीं नाहीं, या प्रश्नाला म्हण उत्तर देत नाहीं. जो पिता स्वतःच्या मुलाला 'आपण कोण?' असें विचारतो, तो तोच पिता आहे काय? या प्रश्नाचीं उत्तरें तत्त्वज्ञांनीं, डॉक्टरांनीं आणि कायदेपंडितांनीं वेळोवेळीं निरनिराळीं दिलीं, आणि त्या उत्तरांवर घरोघरच्या वृद्धांचें सुखदुःख अवलंबून राहिलें. त्यांचा इतिहास नागपूर शहराच्या आधारानें पाहणें उद्बोधक ठरेल.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८६४ सालीं, नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें. महाराष्ट्र शासनाच्या चार मनोरुग्णालयांपैकीं एक असलेलें आजचें प्रादेशिक मनोरुग्णालय तें हेंच. त्या काळीं हिंदुस्थानांतील अशा सर्व इस्पितळांचा कारभार १८५८ च्या ३६ व्या कायद्यान्वयें चाले. रस्त्यावर भटकणारा किंवा इतरांस धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनीं धरावा, मॅजिस्ट्रेटपुढें उभा करावा, आणि मॅजिस्ट्रेटनें डॉक्टरच्या दाखल्यावरून त्यास इस्पितळांत पाठवावा, असा तो क्रम होता.

आंत आलेल्या रोग्याची वर्गवारी युरोपांत रूढ झालेल्या पद्धतीनें होई. उन्माद, विषाद आणि डिमेन्शिया हे तिच्यांतील मुख्य वर्ग. डिमेन्शिया हा मूळचा लॅटिन शब्द. मनापासून ढळलेली अवस्था असा त्याचा धात्वर्थ. मराठींत त्यास बुद्धिभ्रंश अथवा स्मृतिभ्रंश म्हणतात. एस्किरोल या फ्रेंच डॉक्टरनें १८३८ सालच्या आपल्या ग्रंथांत जन्मतः मतिमंद असलेला मनुष्य आणि बुद्धिभ्रंश झालेला मनुष्य यांतील भेद मोठ्या मार्मिकपणें दाखविला होता. एक जन्माचा दरिद्री, तर दुसरा संपत्ति गमावलेला श्रीमंत, असा तो दृष्टांत होय. परंतु प्रत्यक्ष व्यवहारांत कोणत्याहि कारणानें वेड लागून दीर्घकाळ निश्चेष्ट झालेल्या तरुणासहि डिमेन्शिया हेंच नांव मिळे.

या नोंदींची विश्वसनीयता किती होती, हेंहि पुढें उघड झालें. गांजाभांगेची चौकशी करण्याकरितां १८९३-९४ सालीं सरकारनें नेमिलेल्या कमिशननें हिंदुस्थानभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हां वेडाचें कारण म्हणून लिहिलेला मजकूर पुष्कळदा कसलीहि खरी चौकशी न करतां भरलेला आहे असें आढळून आलें. मनुष्य कोण, कोठला, काय भोगून येथवर आला, हें नोंदवहीला ठाऊक नसे. तिला ठाऊक असे तें केवळ सदराचें नांव.

आणि वृद्ध? ते या नोंदवहींत फारसे येण्याचें कारणच नव्हतें. ज्यांची आठवण गेली, जे दोनदां जेवूनहि जेवलों नाहीं म्हणत, भरल्या घरांत बसून 'मला घरीं न्या' म्हणत, ते म्हातारे महालांतल्या वाड्यांत माजघरांत किंवा पडवींत राहत. त्यांना पोलीस धरीत नसत आणि डॉक्टर पाहत नसत. त्यांची काळजी बहुधा सुना व लेकी घेत. घराकडे नोंदवही नव्हती. म्हणून नागपूरच्या वृद्धांच्या विस्मरणाचा लिखित इतिहास नाहीं. इतिहास लिहिला गेला तो तेव्हांच, जेव्हां बुद्धीनें पंगु असलेल्या माणसाच्या नांवावर दुसऱ्याला कांहीं मिळवावयाचें होतें.

याचें एक भीषण उदाहरण नागपूरच्या राजवाड्यांतच घडलें. दुसरे रघूजी भोसले १८१६ च्या मार्चमध्यें वारले आणि गादी त्यांचा पुत्र परसोजी यास मिळाली. परसोजी अंध, पंगु व बुद्धीनें दुर्बळ होता. त्याचा रोग वार्धक्याचा नव्हता, हें खरें. तथापि मनानें असमर्थ माणसाच्या वतीनें कोणी बोलावें, हा प्रश्न तोच होता. चुलतभाऊ आप्पासाहेबानें कारभार हातीं घेतला, आणि २७ मे १८१६ रोजीं परसोजीच्या नांवानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी बिछान्यांत मृत आढळला, आणि तो मृत्यु नैसर्गिक नसून खून होता असें पुढें निष्पन्न झालें. नांव राज्यावर आणि माणूस अडगळींत, अशी ही स्थिति. ज्याला स्वतःचें मन नाहीं असें एकदां ठरलें, त्याचें अस्तित्व इतरांच्या सोयीपुरतेंच उरतें, हा त्या घटनेचा धडा होय.

परंतु मन नाहीं असें ठरवावयाचें तरी कशावरून? येथें तत्त्वज्ञानाकडे वळावें लागतें. काल जें पाहिलें त्यालाच आज स्पर्श केला, असें ज्याला ओळखतां येतें तो पाहणारा व स्पर्शणारा एकच असला पाहिजे, अशा युक्तीनें नैयायिकांनीं आत्म्याचें अस्तित्व सिद्ध केलें. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत क्षणिकवादाचें खंडन करतांना स्मृतीचाच आधार घेतला असून, अनुभवणारा एक आणि आठवणारा दुसरा असें होऊं शकत नाहीं, असें शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत प्रतिपादिलें आहे. मात्र अहंकार ही अंतःकरणाची वृत्ति आणि त्या वृत्तीचा साक्षी यांत वेदांतानें नेहमींच भेद केला. गाढ झोपेंत 'मी अमुक' ही जाणीव मावळते, म्हणून झोपलेला माणूस नाहींसा होत नाहीं. स्मृति हा 'मी'चा पुरावा आहे. ती स्वतः 'मी' नव्हे. दस्तऐवज जळाला म्हणून घरमालक मरत नाहीं.

युरोपांत विचाराचा ओघ वेगळ्या दिशेनें गेला. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें १६९४ सालीं आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत असें मांडिलें, कीं मनुष्याची जाणीव भूतकाळांत जेथवर पोंचते, तेथवरच तो तोच मनुष्य होय. हें मत मान्य केलें तर विसरलेला पिता हा पूर्वीचा पिता नव्हेच. त्यावर १७८५ सालीं थॉमस रीड यानें एक साधा आक्षेप काढिला. लहानपणीं बाग लुटल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा तरुणपणीं शूर अधिकारी झाला आणि म्हातारपणीं सेनापति झाला. सेनापतीला अधिकारी असतांनाचा पराक्रम आठवतो, अधिकाऱ्याला बालपणींचा मार आठवत होता. पण सेनापतीला तो मार आठवत नाहीं. मग सेनापति हा तो मुलगा आहे कीं नाहीं? मनुष्याचें ऐक्य आठवणींच्या एकाच दोऱ्यानें बांधिलेलें नाहीं, हें रीडनें दाखविलें. परंतु तें आणखी कशानें बांधिलें आहे, हें मेंदूचा अभ्यास होईपर्यंत कळण्यासारखें नव्हतें.

तो अभ्यास एका स्त्रीच्या दुःखांतून सुरू झाला. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथील इस्पितळांत ऑगुस्ट डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनीं तिला नांव विचारलें, तेव्हां तिनें ऑगुस्ट असें सांगितलें. आडनांव विचारलें, तरी ऑगुस्ट. पतीचें नांव विचारलें, तेव्हांहि थोडें घुटमळून तिनें तेंच नांव घेतलें. नांव लिहावयास दिलें, तर पहिला शब्द लिहून पुढें काय लिहावयाचें तें ती विसरे. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचे तिचे उद्गार त्या टिपणांत नोंदलेले आहेत. ते विचार करण्यासारखे आहेत. जी हरवली होती तिलाच हरवल्याचें दुःख होत होतें. म्हणजे दुःख करणारें कोणी तरी आंत शिल्लक होतें!

८ एप्रिल १९०६ रोजीं ती वारली. आल्झायमर तोंवर म्युनिकला गेले होते; तिचा मेंदू तेथें मागवून त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. पेशींच्या बाहेर सांचलेले ठिपके आणि पेशींच्या आंत गुंतलेले तंतु त्यांना दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथील सभेंत त्यांनीं हा शोध सांगितला, तेव्हां त्यावर कोणी चर्चासुद्धां केली नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या रोगास आल्झायमरचें नांव दिलें.

तथापि हा रोग अकालीं येणारा, क्वचित् आढळणारा, असेंच पुढें अर्धशतकाहून अधिक काळ समजलें जाई. सत्तरीनंतरचें विस्मरण हें निराळें, तें वयाचेंच लक्षण, असें डॉक्टरहि मानीत. म्हणजे 'साठी बुद्धी नाठी' हें केवळ अडाणी माणसांचें मत नव्हतें. वैद्यकशास्त्राचेंहि तेंच मत होतें. १९६८ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथील संशोधकांनीं बुद्धिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मेंदू तपासून त्यांपैकीं पुष्कळांत आल्झायमरनें पाहिलेल्याच खुणा असल्याचें दाखविलें, तेव्हां ही समजूत ढळली. भारतांत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें साठ वर्षांवरील लोकांत बुद्धिभ्रंशाचें प्रमाण शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, इतकें आहे. संख्या मोठीच आहे. पण साठी उलटलेल्या शंभरांतील ब्याण्णवांची बुद्धि शाबूत आहे, हेंहि तीच पाहणी सांगते. म्हण खोटी ठरली, आणि जें वय वाटत होतें तो रोग ठरला.

या रोगाची मेंदूंतील वाटचालहि आतां बरीच कळली आहे. कानशिलांच्या आंत, दोन्ही बाजूंस, हिप्पोकॅम्पस नांवाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. नवा अनुभव टिकाऊ आठवणींत रूपांतरित करणें हें त्याचें मुख्य काम. आल्झायमरच्या रोगांत तंतूंची गुंतागुंत याच्या लगतच्या भागांत सुरू होते आणि मग क्रमानें इतरत्र पसरते, हें १९९१ सालीं जर्मनींतील ब्राक दांपत्यानें दाखविलें. म्हणूनच सकाळचें जेवण विसरलें जातें, पण शाळेंतले सवंगडी आठवतात. शिवाय मनुष्याच्या स्मृतींत दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतचा काळ सर्वांत दाट भरलेला असतो, असें मानसशास्त्रज्ञांस आढळलें आहे.

नागपूरच्या वृद्धांच्या बाबतींत याचा अर्थ लक्षांत घेण्याजोगा आहे. आज नव्वदीच्या आसपास असलेली पिढी १९५६ सालीं ऐन तारुण्यांत होती. त्या वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह नागपुरांत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि पुढच्याच महिन्याच्या १ तारखेस मध्यप्रदेशाच्या राजधानीचा मान नागपूरकडून गेला. त्या काळीं १८७७ सालीं सुरू झालेली एम्प्रेस मिल चालू होती. ती आज बंद आहे. अशा पिढींतील कोणी वृद्ध भोंग्याची वाट पाहूं लागला, किंवा नागपूर राजधानी असल्याप्रमाणें बोलूं लागला, तर घरचे त्यास भ्रम म्हणतात. वस्तुतः तो ज्या शहरांत 'मी' झाला त्या शहराशीं इमान राखून असतो. 'मला घरीं न्या' या मागणींतलें घरहि पुष्कळदा तेंच असतें.

स्वतःच्या स्वभावाविषयींचें ज्ञान हेंहि प्रसंगांच्या आठवणींहून निराळें आहे. २००३ सालीं अमेरिकन संशोधकांनीं या रोगानें पीडित अशा एका वृद्धेला तिचें स्वतःचें वर्णन करावयास सांगितलें. कुटुंबीयांनीं केलेल्या तिच्या सध्याच्या वर्णनाशीं तें जुळलें नाहीं; पण रोग होण्यापूर्वींच्या तिच्या स्वभावाशीं बरोबर जुळलें. तिचा 'मी' नष्ट झाला नव्हता. त्याची नवी आवृत्ति निघणें बंद झालें होतें, इतकेंच. रोग वाढल्यावर आरशांतल्या पिकल्या केसांच्या व्यक्तीस कित्येक रोगी ओळखीत नाहींत, त्याचें एक कारण हेंहि असावें.

याच्या उलट प्रकारचाहि बुद्धिभ्रंश आहे. प्रागचे डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनीं १८९२ सालीं ज्याचें पहिलें वर्णन केलें, त्या रोगांत मेंदूचा कपाळाकडील व कानशिलांकडील भाग झिजतो. आरंभीं आठवण बहुधा चांगली राहते, परंतु माणूस बदलतो. सौम्य असेल तो उद्धट होतो; मायाळू असेल तो दुसऱ्याच्या अश्रूंकडे निर्विकारपणें पाहतो. २०१५ सालच्या एका अभ्यासांत निरनिराळ्या मेंदुविकारांच्या रोग्यांच्या आप्तांस विचारण्यांत आलें, कीं तुमचा माणूस अजून तोच वाटतो काय? तो तोच राहिला नाहीं ही भावना सर्वांत तीव्र होती ती या कपाळाकडील रोगाच्या रोग्यांच्या आप्तांत. आणि तिचें कारण स्मृतीचा नाश हें नसून मुख्यतः नैतिक स्वभावांतील बदल हें होतें. मराठींत यालाच शील असा शब्द आहे. लॉकनें मनुष्याची ओळख स्मृतींत शोधिली. जवळचीं माणसें ती शीलांत शोधितात.

भावना तर स्मृतीलाहि मागें टाकून टिकते. २०१४ सालीं आयोवा विद्यापीठांत आल्झायमरच्या रोग्यांस कांहीं दुःखाचे व कांहीं आनंदाचे चित्रपटखंड दाखविण्यांत आले. थोड्याच वेळांत काय पाहिलें तें बहुतेक विसरून गेले. पण त्यांतून उत्पन्न झालेला विषाद वा हर्ष त्यांच्या मनांत पुढेंहि रेंगाळत राहिला. घरांतील व्यवहाराच्या दृष्टीनें यासारखा महत्त्वाचा शोध दुसरा नाहीं. 'त्यांना कुठें आठवतंय?' असें म्हणून वृद्धांवर वसकन् ओरडणारा मनुष्य चूक करतो. शब्द विसरले जातात, जखम राहते. तसेंच, कोण येऊन गेलें हें विसरलें तरी कोणी येऊन गेल्याचें समाधान राहतें. सवयीचें ज्ञान मेंदूच्या अन्य भागांत साठवलेलें असल्यानें, मुलाचें नांव न आठवणारी आजी पूर्वींच्या सफाईनें वाती वळूं शकते, आणि पहिला शब्द कोणी सांगितला तर रामरक्षाहि म्हणूं शकते. तेव्हां तिच्या चेहऱ्यावर येणारें तेज हा आप्तांचा भास नव्हे.

हें सारें मराठी चित्रपटांतहि उतरलें आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या 'अस्तु'मध्यें डॉ. मोहन आगाशे यांनीं स्मृति गेलेल्या एका संस्कृत पंडिताची भूमिका केली. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पंडित रस्त्यांत हत्ती पाहून त्याच्या मागें चालूं लागतात आणि माहुताच्या कुटुंबांत जाऊन पोंचतात. मुलींच्या दृष्टीनें त्यांचे विद्वान् वडील हरवत चालले आहेत. माहुताच्या बायकोला त्यांची विद्वत्ता ठाऊकच नाहीं. तिच्यापुढें आहे तो एक भुकेला, निरागस म्हातारा, आणि ती त्याला लेकरासारखें जवळ करते. माहुताच्या बायकोची ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांस त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पूर्वींचा माणूस शोधणारास तो गेल्यासारखा वाटतो, आणि समोरचा माणूस पाहणारास तो तेथेंच असतो, हें या कथेंत दोन स्त्रियांच्या दृष्टींतून उभें राहतें.

कायदा मात्र पुष्कळ सावकाश शिकला. १८५८ च्या ३५ व्या कायद्यानें दिवाणी न्यायालयास एखाद्याचें मन असमर्थ ठरवून त्याचा देह व मालमत्ता दुसऱ्याच्या स्वाधीन करतां येत असे. समर्थ किंवा असमर्थ, इतकेच दोन खण. १९१२ च्या व १९८७ च्या कायद्यांनंतर आलेल्या, आणि २०१८ पासून अंमलांत असलेल्या, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें ही दृष्टि बदलली. मानसिक आजाराच्या व्याख्येंत त्यानें स्मृतीच्या विकाराचाहि उल्लेख केला. परंतु आजार आहे एवढ्यावरून मनुष्य विकृत मनाचा ठरत नाहीं, त्यास न्यायालयाचाच निर्णय हवा, असेंहि स्पष्ट सांगितलें. पुढें निर्णयशक्ति गेल्यास आपल्यावर कसे उपचार व्हावेत, आणि आपल्या वतीनें कोणी बोलावें, हें शुद्धींत असतांनाच लिहून ठेवण्याचा अधिकार त्यानें दिला. परसोजीला जें मिळालें नाहीं तें हेंच.

यांतहि एक पेंच आहे. आज लिहून ठेवणारा मनुष्य अभिमानी व चिकित्सक असेल; उद्यांचा तोच मनुष्य सारें विसरून अंगणांतल्या उन्हांत समाधानानें बसलेला असेल. दोघांची इच्छा एक नसेल तर मान कोणाच्या इच्छेला द्यावयाचा? लिहिलेला कागद एका 'मी'चा, आणि चेहऱ्यावरचें हंसूं दुसऱ्या 'मी'चें. कायदा कागद वाचूं शकतो. हंसूं वाचावयास मात्र जवळचें माणूसच लागतें.

म्हणून पुन्हां त्या पित्याकडे यावें. 'आपण कोण?' या त्याच्या प्रश्नांत स्मृति नाहीं. पण परक्याला 'आपण' म्हणण्याची रीत आहे, आणि ती रीत त्याच्या सगळ्या आयुष्याची आहे. मुलानें त्यावर रुसूं नये, परीक्षाहि घेऊं नये. नांव सांगावें, आणि जवळ बसावें. १८६४ पासूनच्या नोंदवह्यांत अशा वृद्धांचा इतिहास लिहिला गेला नाहीं. तो कोठें लिहिला गेला असेल तर त्यांच्या घरच्यांच्या स्मरणांत; आणि ज्या दिवशीं पिता स्वतःची गोष्ट विसरतो, त्या दिवसापासून ती सांभाळण्याचें काम ऐकणाराकडे येतें.